ब्रँडेड की असेंबल केलेला: डेस्कटॉप घेण्याआधी एसएमपीएस बघून घ्या

डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. पूर्वी हिशोब सरळ होता, असेंबल केलेला स्वस्त आणि ब्रँडेड महाग. आता साध्या ऑफिसच्या कामाचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप हवा असेल तर ब्रँडेडच स्वस्त पडतो, निदान माझ्या पाहण्यात तरी. विंडोजचं लायसन्स, कीबोर्ड आणि माउस धरून कंपनीला घाऊकात जो भाव पडतो, तो आपल्याला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कितीही घासाघीस केली तरी मिळत नाही. त्यात २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव असे उसळले की कालचं कोटेशन आज चालेल याची खात्री दुकानदारही देईनात. त्यामुळे कोणी पैसे वाचवण्यासाठी असेंबल करतो म्हणाला, तर मी आधी दोन्ही कोटेशनं शेजारी शेजारी ठेवायला सांगतो. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे, तिथे काही सुटत नाही.

वेगाचंही तेच. प्रोसेसर तोच, एसएसडी त्याच दर्जाची आणि रॅम तेवढीच असेल, तर रोजच्या कामात फरक जाणवेल असं मला वाटत नाही.

फरक पडतो तो चौथ्या-पाचव्या वर्षी, वॉरंटी संपल्यावर. तोही सगळ्यात दुर्लक्षित वस्तूमुळे, म्हणजे एसएमपीएसमुळे, भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यामुळे. बाकीच्या गोष्टींवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि पुढे बोलेनही. पण माझा निर्णय या एका वस्तूने केला, म्हणून ते सविस्तर सांगतो.

मी साताऱ्यात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पुस्तकांची मांडणी, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवाळी अंक. माझ्याकडे दोन मशीन होती, एक नामांकित कंपनीचा बारीक अंगाचा डेस्कटॉप आणि एक पुण्यात समोर बसून असेंबल करून घेतलेला. ब्रँडेड मशीन दिसायला देखणं, आवाज जवळजवळ नाही, टेबलाच्या एका कोपऱ्यात मावणारं. वॉरंटीची तीन वर्षं काही कुरकुर न करता गेली, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

वॉरंटी संपल्यानंतरच्या दिवाळीच्या तोंडावर, अंकाचे शेवटचे फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच) प्रेसला जायचे असताना, ते बंद पडलं. बटण दाबलं की पुढचा दिवा पिवळा लुकलुकायचा आणि विझायचा. आमच्याकडचा दुरुस्तीवाला मुलगा चांगला जाणता आहे. त्याने आवाजावरूनच एसएमपीएस गेल्याचं ओळखलं आणि सोबत एक नवा घेऊनच आला. झाकण काढलं आणि दोघंही बघत राहिलो. बाजारातल्या एसएमपीएसचा मुख्य प्लग २४ पिनांचा, दोन ओळींचा आणि चांगला बोटभर लांब असतो. या मशीनच्या मदरबोर्डावर त्या जागी सहा पिनांचं एवढंसं सॉकेट होतं. हार्ड डिस्कला जाणारी वीजही एसएमपीएसमधून न येता बोर्डावरूनच एका नाजूक वायरीने गेलेली. आणि एसएमपीएसची जागा लांबट, अरुंद. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, तो तिथे तिरका केला तरी बसला नसता.

सर्व्हिस सेंटरने उत्तर नम्रपणे दिलं, पण कामाचं नाही. वॉरंटी संपली आहे, पार्ट नंबर टाकून मागवावा लागेल, पैसे आगाऊ भरा, कधी येईल ते सांगता येणार नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी पार्ट आला नव्हता. अंक वेळेवर गेले ते दुसऱ्या मशीनवर रात्री जागून.

२४ पिनांचा प्लग अशा सहा, दहा किंवा चौदा पिनांच्या सॉकेटला जोडणाऱ्या वायरी ऑनलाइन मिळतात. त्या वापरून मशीन वर्षानुवर्षं चालवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे तो उपाय वाईटच आहे असं म्हणणार नाही. पण मग एसएमपीएस कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवायचा, आणि माझ्याकडे लहान मुलं ये-जा करतात. मला ते पटलं नाही.

कंपन्या हे मुद्दाम अडवणूक म्हणून करतात असा माझा आरोप नाही. त्यामागे तांत्रिक कारण आहे. एटीएक्स, म्हणजे बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मापांचं प्रमाण, त्याची मूळ रचना इंटेलने १९९५ मध्ये आणली. तिच्यात एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे सगळे दाब स्वतः देतो. आजच्या मशीनमध्ये जवळजवळ सगळं काम १२ व्होल्टवर चालतं. त्यामुळे एसएमपीएसने फक्त १२ व्होल्ट द्यायचे आणि बाकीचे बोर्डाने करून घ्यायचे, अशी मांडणी केली तर मशीन नुसतं चालू असताना वीज कमी जाते आणि एसएमपीएस लहान होतो. इंटेलने २०२०च्या सुमारास याच पद्धतीचं, १० पिनांचं एक प्रमाणही आणलं. अडचण अशी की कंपन्या त्याच्या आधीपासून आपापल्या परीने हे करत आल्या आहेत. एकाचा प्लग सहा पिनांचा तर दुसऱ्याचा चौदा, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक. वीज वाचते हे खरं. पण बिघाड झाला की आख्खा बाजार आपल्यासाठी बंद होतो.

माझ्या असेंबल केलेल्या मशीनचा एसएमपीएसही गेला आहे, हे सांगितलं नाही तर तुलना अर्धवट राहील. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू होता, वीज दोन-तीनदा आली-गेली आणि मशीन गप्प झालं. सकाळी दुकान उघडताच गेलो, नवा घेतला, दुपारी जेवायच्या आधी काम सुरू. जुना पाच वर्षांच्या वॉरंटीत होता, त्याच्या बदल्यात काही आठवड्यांनी दुसरा आला. तो आता कपाटात राखीव ठेवला आहे. दुरुस्तीचा खर्च दोन्ही वेळा फार मोठा नव्हता. एकीकडे काम अर्धा दिवस अडलं, दुसरीकडे आख्खा हंगाम.

आता असेंबल्डची दुसरी बाजू. सगळ्यात मोठी म्हणजे जबाबदारी कोणाची हा प्रश्न. मशीन मध्येच बंद पडायला लागलं तर रॅमवाला बोर्डाकडे बोट दाखवतो, बोर्डवाला एसएमपीएसकडे. ब्रँडेडमध्ये एक फोन केला की इंजिनिअर घरी येतो, आणि वॉरंटीच्या काळात हे सुख खरंच मोठं आहे. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी: बॉक्समधल्या प्रोसेसरला आणि मदरबोर्डला साधारण ३ वर्षं, चांगल्या एसएसडीला ५, बऱ्या एसएमपीएसला ५ ते १०. एकूण काळ जास्त भरतो, पण प्रत्येकासाठी वेगळं दार ठोठवावं लागतं. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय थोडं कमी करतो असं कोणी म्हणालं तर सरळ उठा. तसंच प्रोसेसर ट्रेचा (खोक्याशिवाय सुटा विकलेला) आहे की बॉक्सचा हे विचारा. ट्रेच्या प्रोसेसरला कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका, हे मात्र मी हात जोडून सांगतो. त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. हातात घेतला की हलका लागतो, वायरी बारीक असतात. जाताना तो एकटा जात नाही, कधी बोर्ड तर कधी डिस्क सोबत नेतो. असेंबल करून पुन्हा हाच लावायचा असेल तर ब्रँडेड मशीन शतपटीने बरं, कारण त्यातला एसएमपीएस वेगळ्या प्लगचा असला तरी सहसा दर्जेदार असतो. आणखी एक बारीक गोष्ट. वायरी सुट्या होणारा मॉड्युलर एसएमपीएस घेतला, तर एकाच्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीनुसार बदलते आणि डिस्क जळू शकते.

यूपीएसचाही विचार सोबतच करा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. लहान ब्रँडेड मशीनला तो सहज पुरतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या असेंबल्डला तो पुरेलच असं नाही, आणि काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर रुसून मशीन रीस्टार्ट करतात. ब्रँडेडला हा जादा खर्च क्वचितच पडतो.

पुढे वाढवायचं असेल तर पारडं पुन्हा असेंबल्डकडे झुकतं. माझा बी४५० बोर्ड आधी रायझन ५ २४००जी या प्रोसेसरवर चालत होता. नंतर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्याच बोर्डावर ५६००जी बसवला. रॅम ८ जीबीची ३२ जीबी झाली. बोर्ड आणि कॅबिनेट जुनंच, पण कोरलड्रॉमधल्या मोठ्या फायली उघडताना नवं मशीन घेतल्यासारखं वाटलं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे माझ्या बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर, २०१७ पासून रायझनच्या कितीतरी पिढ्या चालल्या, आणि एएम५ किमान २०२७ पर्यंत चालवू असं कंपनीने जाहीर केलं आहे. इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० या सॉकेटवर १२वी, १३वी आणि १४वी अशा तीन पिढ्या बसतात. ब्रँडेडमध्ये रॅम आणि एसएसडी वाढवता येते, बहुतेकांना तेवढंच लागतं. पण बारीक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड घालायचं तर बुटकं कार्ड शोधावं लागतं आणि त्याला पुरेल एवढा वॉटेज बहुधा नसतो. बायोसमध्ये नवा प्रोसेसर ओळखला जाईल का, हेही कंपनीच्या मर्जीवर.

विंडोजबद्दल एवढंच: ब्रँडेडमध्ये अस्सल लायसन्स येतं, असेंबल्डमध्ये ते विकत घ्या आणि दुकानदाराने ‘टाकून दिलेलं’ नको म्हणा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे स्वस्तातला जुना, कंपन्यांतून भाड्याहून परत आलेला डेस्कटॉप घेत असाल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते आधी बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) लागतं. आणि दोन्हीकडे लागू पडणारी एक गोष्ट: विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मशीन मेल्यावर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ती हीच मागते.

गावी आईवडिलांसाठी, शाळेच्या ऑफिससाठी, किंवा चार टेबलांवर टॅली आणि एक्सेल चालवणाऱ्या सीएच्या ऑफिससाठी मी स्वतः ब्रँडेडच सुचवतो. माझ्या मेहुण्यांच्या ऑफिसात तसेच आहेत आणि त्यांनी बरोबर केलं आहे. मशीन अडलं तर ते तिथला स्क्रू काढणार नाहीत, काढूही नये. फक्त वॉरंटी खरेदीच्या वेळीच तीन वर्षांची किंवा जास्त करून घ्या, आणि ती संपली की मशीन जायच्या बेतात आहे असं धरून चाला.

पण ज्याचं पोट मशीनवर आहे, ज्याच्या गावात एक बरं दुकान आणि एक जाणता दुरुस्तीवाला आहे, त्याने माझ्या मते असेंबल करून घ्यावं. खर्च थोडा जास्त लागला तरी. स्वतः जोडायलाच हवं असं नाही. दुकानात बसून, एकेक खोकं आपल्यासमोर उघडून घेतलं तरी पुरे. यादी मात्र एसएमपीएसपासून सुरू करा, मग बोर्ड, मग प्रोसेसर, आणि कॅबिनेट सगळ्यात शेवटी.

आणि ब्रँडेडच घ्यायचं ठरलं, तर दुकानदाराला त्या मॉडेलच्या आतला फोटो दाखवायला सांगा. बऱ्याच मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं, त्यात बोर्डाचं चित्र असतं. मुख्य सॉकेट २४ पिनांचं आहे का आणि एसएमपीएस नेहमीच्या मापाचा आहे का, एवढं बघा. टॉवर आकाराच्या काही मॉडेलांत, विशेषतः गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्यांत, दोन्ही असतं. तसं मॉडेल मिळालं तर ब्रँडेडवरचा माझा मुख्य आक्षेप उरत नाही.