प्रायमरबद्दल तो खरं बोलला, बाकी सगळं खोटं होतं

मुलगा किंवा भाऊ अमेरिकेत, त्याला रायफल शूटिंगचा छंद आणि आईवडील इकडे ठाण्यात किंवा नवी मुंबईत, असं ज्यांच्या घरी असेल त्यांनी हे नीट वाचावं. आमच्या घरातून दोन टप्प्यांत पैसे गेले. आधी काडतुसाला लागणारे प्रायमर विकणाऱ्या खोट्या वेबसाइटवर भावाचे डॉलर गेले, मग खोट्या कस्टम्स कॉलवर बाबांचे रुपये. या दोन वेगवेगळ्या फसवणुका आहेत असं पोलिसांकडे जाईपर्यंत आम्हाला वाटत होतं. ती एकच होती.

माझा धाकटा भाऊ मिनेसोटात राहतो, ग्रीन कार्डावर. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे आणि हजारो लोक ते करतात. त्याला रिलोडिंग म्हणतात. उडालेल्या काडतुसाचं पितळी टरफल साफ करायचं, त्याच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, मोजून पावडर घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. प्रायमर म्हणजे बोटाच्या टोकावर मावेल एवढी धातूची वाटी. तिच्यात लेड स्टिफनेटसारखं झटक्यासरशी पेटणारं मिश्रण असतं. फायरिंग पिन तिच्यावर आपटली की ठिणगी आतल्या पावडरीत जाते.

भाऊ पॉइंट ३०८ कॅलिबरच्या रायफलीसाठी बॉल पावडर वापरतो. हा प्रकार अमेरिकेत वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने १९३३ मध्ये आणला. कण गोल किंवा किंचित चपटे असतात, त्यामुळे पावडर मापातून पाण्यासारखी ओघळते आणि प्रत्येक काडतुसात जवळजवळ सारखी पडते. अडचण पेटवण्याची आहे. गोल कण एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये ज्वाळा शिरायला जागा कमी राहते. शिवाय कणांवर जळणं धीमं करणाऱ्या रसायनाचा थर दिलेला असतो. कडाक्याच्या थंडीत साधा प्रायमर कमी पडला, तर चाप ओढल्यावर बार क्षणभर उशिरा उडतो किंवा उडतच नाही. मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली असतो. उशिरा उडणारा बार धोक्याचा, कारण तेवढ्यात माणूस रायफल खाली घेऊ शकतो. म्हणून भावाला जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी ज्वाळा देणारे मॅग्नम प्रायमर हवे होते, सीसीआय कंपनीचे २५० किंवा फेडरल कंपनीचे २१५ क्रमांकाचे.

आणि प्रायमर मिळणं सोपं राहिलेलं नाही. २०२० पासून दोनेक वर्षं अमेरिकेत त्यांचा भीषण तुटवडा होता. हजार प्रायमरची पेटी आधी तीस-चाळीस डॉलरला मिळायची, ती हातोहात शंभराच्या वर विकली गेली. पुढे पुरवठा सुधारला, पण जुने भाव आले नाहीत आणि मॅग्नम दिसले की लोक लगेच उचलतात. या घाईवरच ही टोळी जगते.

डिसेंबरात भाऊ ठाण्याला नौपाड्यात आईबाबांकडे सुट्टीला आला होता. तेव्हा त्याला एक वेबसाइट सापडली. मॅग्नम प्रायमर उपलब्ध, भाव वाजवी, शंका विचारायला व्हॉट्सअ‍ॅप. अमेरिकेचा नंबर इथे चालू नव्हता म्हणून त्याने बाबांच्या फोनवरून विचारलं. ते सगळं संभाषण मी नंतर ओळ न् ओळ वाचलं आहे.

विक्रेत्याने पहिला प्रश्न केला, ‘पावडर कुठली?’ भावाने हॉजडन कंपनीची बीएल-सी टू सांगितली. त्यावर उत्तर आलं की ही बॉल पावडर आहे, कडक थंडीत मॅग्नम प्रायमरचा उपयोग होईल, पण प्रायमर बदललात तर पावडरचं माप जुनंच ठेवू नका. गरम प्रायमरने दाब वाढू शकतो. सुरुवातीच्या मापावर परत या आणि तिथून थोडं थोडं वर जा. पुढे त्याने असंही लिहिलं की बॉल पावडर म्हटली की मॅग्नमच, असं सरसकट धरू नका, रिलोडिंगच्या छापील पुस्तकात त्या लोडसमोर, म्हणजे गोळी आणि पावडरच्या त्या जोडीसमोर, जो प्रायमर दिलाय तो आधी बघा.

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. कुठलाही जाणता रिलोडर हेच सांगेल. भाऊ म्हणाला, ‘ताई, नुसतं गिऱ्हाईक गाठायचं असतं तर हा मला पुस्तक बघायला कशाला सांगेल?’ मला राग येतो तो इथे. ही माहिती लोकांचे हात आणि डोळे वाचावेत म्हणून जाणकारांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवली आहे. ती उचलून या माणसांनी तिचा गळ केला. सावधपणाचा सल्ला देणारा माणूस भला असणार असं आपल्याला वाटतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग त्याने ‘तुमचा माल बाजूला काढून ठेवलाय’ म्हणत फोटो पाठवला. निळ्या-पांढऱ्या पेट्यांची चळत, तिच्यावर घडी उलगडलेला कागद आणि कागदावर काळ्या मार्करने भावाचं नाव आणि तारीख. फोनच्या पडद्यावर तो अगदी खरा दिसतो. माझ्या मुलीने तो लॅपटॉपवर मोठा केला तेव्हा दिसलं की कागदाला मधोमध घडी आहे, घडीपाशी कागद वर उचलला गेलाय आणि तिथे त्याची सावली वाकलीय. नावाची अक्षरं मात्र त्या घडीवरून पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली आहेत. खऱ्या शाईची रेघ घडीबरोबर वाकते. नाव नंतर संगणकावर चिकटवलेलं होतं. शिवाय चळतीतल्या ज्या दोन पेट्यांचा लॉट क्रमांक वाचता येत होता, त्याच क्रमांकांच्या पेट्या एका जुन्या लिलावाच्या फोटोत सापडल्या.

पैसे ‘झेल’वरून मागितले. ती अमेरिकेतली थेट बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय आहे. आपण स्वतः पाठवलेले पैसे त्यातून परत मिळवणं फार अवघड असतं, कार्डासारखी तक्रारीची सोय तिथे नाही. ४१२ डॉलर गेले. डिलिव्हरी मोफत, तीही तिकडच्या सरकारी टपालाने. जाणकाराला इथेच थांबता येतं, कारण अमेरिकेचं टपाल खातं प्रायमर आणि पावडर स्वीकारतच नाही. ते खासगी कुरियरने, जमिनीवरूनच, धोकादायक मालाच्या नियमांखाली जातात आणि खरी दुकानं त्यासाठी वेगळी फी लावतात. भाऊ नेहमी गावातल्या दुकानातून प्रत्यक्ष घेत आलेला, त्यामुळे ही फी त्याने कधी भरलेली नव्हती.

त्याहून महागात पडली ती दुसरी मागणी. वयाचा पुरावा म्हणून त्यांनी ओळखपत्राचा फोटो मागितला. लायसन्स मिनेसोटातल्या घरी होतं, हाताशी होता भारतीय पासपोर्ट. ‘पहिलं आणि शेवटचं पान दोन्ही पाठवा’ असं सांगण्यात आलं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, आईचं नाव आणि घरचा पत्ता असतो. फोन नंबर तर बाबांचाच होता. पुढचं सगळं त्या एका पानावर उभं राहिलं.

जानेवारीत भाऊ परत गेला. माल आला नाही, वेबसाइट बंद पडली, आणि त्याने मनाशी डॉलर सोडून दिले. मग एका सकाळी बाबांना फोन आला. आधी हिंदीत रेकॉर्ड केलेला आवाज, आपलं पार्सल कस्टम्सने अडवलंय, अधिकाऱ्याशी बोलायला अमुक बटण दाबा. त्यानंतर स्वच्छ मराठीत बोलणारा एक माणूस. ‘काका, मी न्हावा शेवा कस्टम्समधून बोलतोय. तुमच्या चिरंजीवांच्या नावाने पाच हजार स्फोटक कॅप, म्हणजे प्रायमर, आल्यात. पत्ता तुमचा आहे.’ त्याने भावाचा पासपोर्ट नंबर, आईचं नाव, नौपाड्याच्या इमारतीचं नाव वाचून दाखवलं. पावडर कुठली तेही सांगितलं.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, कायदा मानणारे. त्यांनी काही न विचारता विश्वास ठेवला असं नाही. प्रायमर आपल्याकडे आणता येतात का, एवढं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं की शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच धरले जातात आणि परवान्याशिवाय ते देशात आणणं गुन्हा आहे. हेही खरं आहे! पुन्हा तीच युक्ती, खऱ्या वाक्याच्या आधाराने खोटं उभं करायचं.

मग व्हिडिओ कॉल. गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. ‘तुम्ही ज्येष्ठ नागरिक म्हणून सांभाळून घेतोय, पण कॉल कट केलात तर नौपाड्यात गाडी येईल. मुलाला कळवलंत तर त्याचं ग्रीन कार्ड जाईल.’ मुलाचं नाव निघाल्यावर बापाच्या मनाचं काय होतं हे सांगायला नको. चौकशी संपेपर्यंत ‘सुरक्षा ठेव’ म्हणून ३,४०,००० रुपये भरायला सांगितले. बाबा बँकेत गेले, फोन खिशात चालूच. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काका, एवढी रक्कम कशासाठी?’ तर शिकवल्याप्रमाणे ‘घराच्या दुरुस्तीसाठी’ म्हणाले. आरटीजीएस झालं.

आईला संशय आला तो बाबा दुपारी जेवायला उठेनात म्हणून. तिने मला ऐरोलीला फोन केला. मी निघायच्या आधी १९३० वर फोन लावला, आणि आमच्या सगळ्या प्रकरणात उपयोगी पडलं ते एवढंच. या हेल्पलाइनवर व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि खात्याचा तपशील दिला की ज्या ज्या खात्यांत पैसे पुढे सरकले तिथल्या बँकांना ते रोखायला कळवलं जातं. चोर पैसे तासाभरात पाच-सहा खात्यांत फोडतात, म्हणून आधी घरी जाऊ, सगळं नीट समजून घेऊ, मग बघू, असं करू नये. बाबांच्या रकमेपैकी १,१२,००० रुपये गोठले. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात जबाब झाले. भावाने तिकडे एफबीआयच्या आयसीथ्री पोर्टलवर तक्रार केली.

आता न्हावा शेव्याबद्दल. आपल्या भागातल्या माणसाला हे नाव ऐकून शंका येत नाही, उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा आपण रोज बघतो. पण ते समुद्री बंदर आहे. परदेशातून टपालाने येणारं घरगुती पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून येतं, कुरियरचं विमानतळावरून. आणि मिनेसोटातल्या माणसाने अमेरिकेतल्याच दुकानातून मागवलेला माल उरणला कशाला येईल? हा प्रश्न शांत डोक्याने कुणालाही पडला असता. शांत डोकं राहू नये यासाठीच तर कॉल कट करू देत नाहीत.

कस्टम्स विभागाच्या पत्रांवर सहसा डिन नावाचा ओळख क्रमांक असतो, २०१९ मध्ये तो बंधनकारक झाला, आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर तो कुणालाही तपासता येतो. बाबांना आलेल्या ‘नोटिशी’वर तो नव्हता. कस्टम्सचं शुल्क कुठल्या ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात जात नाही. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवण्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, तशी अटक भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. बाबांनी तो कार्यक्रम ऐकला होता. तरीही हे झालं, कारण त्यांच्यासमोरचा प्रश्न अटकेचा नव्हताच, मुलाच्या ग्रीन कार्डाचा होता.

बाबा अजूनही कुणाशी याबद्दल बोलत नाहीत. नातेवाइकांपैकी दोघांनी ‘एवढं शिकलेले असून?’ असं विचारलं. कृपा करून तुमच्या घरी असं कुणाच्या बाबतीत झालं तर हे वाक्य उच्चारू नका. लाजेपायी लोक १९३० वर फोनच करत नाहीत, आणि चोरांना तेवढाच वेळ हवा असतो.

परदेशातल्या मुलांना एवढंच सांगते, प्रायमर, पावडर जे काही घ्यायचं ते तिथल्या ओळखीच्या दुकानातून घ्या, दूरचं दुकान असेल तर धोकादायक मालाची फी लावतं का बघा आणि पैसे कार्डाने द्या. आईवडिलांचा नंबर आणि पासपोर्टचं शेवटचं पान अशा व्यवहारात कुठेही देऊ नका.

आमची गोठलेली रक्कम परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश हवा आहे, तसा अर्ज आम्ही केला आहे. उरलेले २,२८,००० कुठल्या खात्यांतून काढले गेले याचा तपास चालू आहे. पहिली वेबसाइट बंद झाली, पण पेट्यांचा तोच फोटो, घडीचा तोच कागद, फक्त दुसऱ्याच्या नावासह, आणखी एका साइटवर माझ्या मुलीला सापडला. त्या साइटचा पत्ता आम्ही दोन्ही तक्रारींना जोडला आहे.