सांध्यातील द्रवासाठी ब्लड कल्चर बाटल्या : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुजलेल्या सांध्यातून काढलेला द्रव रुग्णाच्या खाटेजवळच ब्लड कल्चरच्या (रक्तातील जंतू वाढवून पाहण्यासाठी पोषक माध्यम भरलेल्या) बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा, ही पद्धत आमच्याकडे सुरू होऊन आता बरेच महिने झाले आहेत. त्याआधी द्रव साध्या निर्जंतुक नळीत येत असे आणि ब्लड अगार, चॉकलेट अगार व मॅकॉन्की अगार या घट्ट माध्यमांच्या प्लेटवर त्याचे थेंब पसरून आम्ही ग्रोथची, म्हणजे जंतू उगवण्याची, वाट पाहत असू. बाटल्यांमुळे जंतू अधिक वेळा सापडू लागले, याबद्दल मला शंका नाही. मात्र बाटली आल्यावर प्लेटचे काम संपले, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मुळीच पटलेले नाही.

प्लेटवर द्रवाचे एक-दोन थेंबच मावतात, बाटलीत मात्र कित्येक मिलिलिटर जातो, आणि सांध्यातील जंतूंची संख्या मुळात कमी असेल तर एवढ्याने निकाल बदलू शकतो. शिवाय द्रवातील पांढऱ्या पेशी, जंतूंना मारक ठरणारी प्रथिने आणि आधीच दिलेले अँटिबायोटिक हे सारे बाटलीतील माध्यमात पातळ होते. रेझिनचे मणी असलेल्या बाटल्यांत तर अँटिबायोटिकचा बराच अंश त्या मण्यांनाच चिकटून राहतो. नळीत द्रव गोठला की जंतू गुठळीत अडकतात, ती अडचणही येथे बहुतांशी टळते. वाढणारे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो वाढताच, बाटल्या ज्यात ठेवतात ते यंत्र इशारा देते, त्यामुळे रोज सकाळी प्लेट उघडून पाहण्यापेक्षा निकालाची चाहूल लवकर लागते.

या पद्धतीचे खरे मोल लहान मुलांच्या नमुन्यांत कळते. चार वर्षांखालील मुलांच्या सांध्यांना बाधणारा किंगेला किंगी हा जंतू प्लेटवर उगवायला फार कुरकुर करतो. 1992 साली इस्रायलमधील यागुप्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लड कल्चरच्या बाटल्या वापरून तो सांध्यातील द्रवात किती वेळा असतो हे दाखवले, तेव्हापासून त्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आमच्याकडे एका मुलाच्या द्रवाच्या सगळ्या प्लेट स्वच्छ राहिल्या होत्या आणि बाटलीने मात्र इशारा दिला. स्लाइडवर आखूड, जाडसर दंडगोल जोडीजोडीने दिसत होते, आणि त्यांतील काहींनी जांभळा रंग असा धरून ठेवला होता की घाईत कोणीही त्यांना ग्राम पॉझिटिव्ह (ग्राम स्टेन या रंगवण्याच्या पद्धतीत जांभळे राहणारे) म्हटले असते. सबकल्चर केल्यावर, म्हणजे बाटलीतील द्रव पुन्हा प्लेटवर लावल्यावर, ब्लड अगारवर बारीक कॉलनी आणि त्यांच्याभोवती रक्तपेशी विरघळल्याचे अरुंद वलय दिसले; मॅकॉन्की कोरीच राहिली. नुसत्या प्लेटवर विसंबलो असतो तर हा रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ म्हणूनच गेला असता.

आता दुसरी बाजू. बाटलीत एकच जंतू पडला तरी तो वाढतो, मग तो सांध्यातला असो वा त्वचेवरचा, आणि मूळ द्रवात तो किती होता हे नंतर कळायला मार्ग उरत नाही. बाटलीत कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा त्वचेवरचा जंतू निघाला की आम्ही आधी प्लेट आणि थेट द्रवाची ग्राम स्टेन स्लाइड पाहतो. प्लेटवरही तोच असेल, द्रवात पांढऱ्या पेशी भरपूर असतील आणि रुग्णाच्या सांध्यात रोपण (कृत्रिम सांधा) असेल तर त्याला सहजासहजी कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरून मिसळलेला जंतू, म्हणता येत नाही. तो एकाच बाटलीत उशिरा आला असेल तर म्हणावेसे वाटते, तरीही कृत्रिम सांध्यात दुसरा नमुना मागवलेला बरा. ग्राम स्टेन निगेटिव्ह आली म्हणून संसर्ग नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये, कारण कल्चर पॉझिटिव्ह येणाऱ्या अनेक नमुन्यांत तिच्यावर काहीच दिसत नाही.

परमा (गोनोरिया) घडवणाऱ्या गोनोकोकस या जंतूची गोष्ट आणखी वेगळी आहे. रक्त गोठू नये म्हणून बाटल्यांत घातलेले सोडियम पॉलीअ‍ॅनेथॉल सल्फोनेट हे रसायन त्याला मानवत नाही, तेव्हा तशी शंका असेल तर ताजा द्रव ताबडतोब चॉकलेट अगारवर लावून कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात ठेवावाच लागतो. हिमोफिलससारख्या जंतूंना रक्तातील घटक लागतात आणि सांध्यातील द्रवात रक्त नसेल तर बाटलीत पूरक द्रावण घालावे लागते, हे सुरुवातीला कोणाच्या फारसे ध्यानात येत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार यंत्राच्या पाच दिवसांच्या ठरलेल्या मुदतीबद्दल आहे. कृत्रिम सांध्यात, विशेषतः खांद्यात, सापडणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू इतका सावकाश वाढतो की त्यासाठी अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनविरहित) बाटली 14 दिवसांपर्यंत ठेवावी लागते. फॉर्मवर रोपणाचा उल्लेखच नसेल तर यंत्र पाचव्या दिवशी निगेटिव्ह सांगते आणि बाटली कचऱ्यात जाते. आम्ही आता फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे, आणि तो कोरा आला तर वॉर्डात फोन करतो.

द्रव जेमतेम मिळाला असेल तर वाटणीचा प्रश्न येतो. पेशी मोजण्यासाठी थोडा ईडीटीएच्या (गोठणे रोखणाऱ्या रसायनाच्या) नळीत, स्लाइड व प्लेटपुरते काही थेंब निर्जंतुक नळीत आणि उरलेला सगळा बाटलीत, असा आमचा क्रम आहे. लहान मुलांसाठी कमी द्रवाची बालरुग्णांची बाटली घेतो. क्षयरोगाची शंका असल्यास या बाटल्यांचा भरवसा धरता येत नाही, त्यासाठी द्रव वेगळा ठेवून क्षयाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.