घरच्या कॅमेऱ्यासाठी: लांब झूम की उजळ लेन्स?

खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा ठरला की चार दिवस शोधाशोध करून माणूस शेवटी दोन प्रकारांपाशी येऊन थांबतो. एकात झूम भरपूर, पण सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडा, नखाएवढा. दुसऱ्यात सेन्सर मोठा आणि लेन्स उजळ, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, पण झूम बेताचा. मी दोन्ही वापरले आहेत. पहिला साधारण चार वर्षं वापरला, दुसरा अजूनही वापरतो आहे. मेगापिक्सेल, वाय-फाय, व्हिडिओ याबद्दल इथे लिहीत नाही, घरच्या वापरापुरतं ते दोन्हीकडे आहे. मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हाही विषय सोडून देतो. ज्याला कॅमेरा हवा आहे त्याचं तेवढं मनाशी ठरलेलं असतं.

कोणता कॅमेरा कशात मोडतो ते कळावं म्हणून काही नावं सांगतो. २०१८ चा कॅनन एसएक्स७४० हा पहिल्या प्रकारातला: २४ ते ९६० मिमी (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं), म्हणजे ४० पट झूम, आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या प्रकाराला सुरुवात करून दिली २०१२ च्या सोनी आरएक्स१०० ने. २०१४ मध्ये कॅननचा जी७एक्स आला. या दोन्ही मालिकांत पुढे बरेच अवतार निघाले. खाली जे अनुभव सांगतो आहे ते मात्र या मॉडेलांचे म्हणून वाचू नका. ते त्या त्या प्रकाराचे आहेत.

लांब झूमची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. शाळेच्या मैदानावर पालकांना दोरीच्या अलीकडे उभं करतात आणि आपलं पोर नेमकं पलीकडच्या टोकाला असतं. तिथून मुलीचा चेहरा, कपाळाला चिकटलेल्या केसांसकट, फ्रेमभर मिळाला तो याच कॅमेऱ्यामुळे. खिडकीसमोरच्या झाडावरचा पक्षी असो, बोटीतून दिसणारा किनारा असो, दिवसाच्या उजेडात हा कॅमेरा कधी नाही म्हणत नाही. तुमचे बहुतेक फोटो उघड्यावर आणि उन्हात निघणार असतील तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, खुशाल हाच घ्या.

माझे फोटो मात्र मोजले तर निम्म्याहून जास्त घरातले आणि संध्याकाळनंतरचे निघाले. घरच्या कॅमेऱ्याचं बहुधा असंच होतं. दिवसा सगळे आपापल्या कामाला गेलेले असतात. एकत्र सापडतात ते दिवेलागणीनंतर, एका ट्यूबलाइटखाली. तिथे या कॅमेऱ्याला फ्लॅश लागतोच. फ्लॅशने चेहरे पांढरेफटक येतात आणि मागची खोली काळोखात जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढं मी चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते फ्लॅशनंतरचं.

एक प्रसंग सांगतो. आई सुईत दोरा ओवत होती, आणि नातीने हट्टाने दोऱ्याचं टोक स्वतःच्या चिमटीत धरलं होतं. मी कॅमेरा उचलला, फ्लॅश पडला. दोघींनी माझ्याकडे पाहिलं, जरा अवघडून, फोटोला पाहतात तसं. मग त्या पुन्हा सुईकडे वळल्या, दोरा नेमका तेव्हाच आत गेला आणि दोघी एकदम हसल्या. आई एरवी तोंडावर पदर धरून हसते, त्या दिवशी हातात सुई होती म्हणून हसू झाकलं गेलं नाही. मी बटण दाबत होतो आणि स्क्रीन काळी होती. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत कॅमेरा काही दाखवतही नव्हता आणि फोटोही घेत नव्हता. चित्र परत आलं तेव्हा आई दोऱ्याला गाठ मारत होती.

मग लक्ष ठेवायला लागलो, तर हे नेहमीचंच निघालं. फ्लॅश पडेपर्यंत माणसं सावध असतात. तो पडून गेला की खांदे खाली येतात, मुलं ताठ धरलेली मान सोडतात आणि खरा चेहरा दिसतो. ते दोन-चार क्षणच मला हवे असायचे आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या हातात काळी काच असायची. चार वर्षांच्या त्या साठ्यात पहिल्या फ्लॅशचे अवघडलेले चेहरे ढिगाने आहेत.

यात कॅमेरा बिघडलेला नसतो. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या आतल्या कपॅसिटरला ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज व्हावं लागतं आणि ते करायचं असतं पावणेचार व्होल्टच्या इवल्याशा बॅटरीने. त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बॅटरीवर आणखी भार नको म्हणून बरेच छोटे कॅमेरे स्क्रीनच बंद ठेवतात. बॅटरी उतरत आली की ही वाट आणखी लांबते. त्यात रेड-आय, म्हणजे फ्लॅशने डोळे लाल येणं, कमी करणारा दिवा चालू असेल तर पहिल्या फोटोलाही उशीर होतो. तो मी पहिल्याच महिन्यात बंद केला होता.

उजळ लेन्सचा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा फ्लॅश जलद भरेल अशी माझी अपेक्षा नव्हती. तो भरतही नाही. फरक एवढाच की घरात तो उघडावाच लागत नाही.

कारण सरळ आहे. छोटा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा असतो, तर ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. (एक इंची सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही, त्याचा कर्ण १६ मिमीच्या आत आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं ते नाव तसंच चालत आलं.) शिवाय लेन्स. एक जास्तीत जास्त एफ/३.३ पर्यंत उघडते, दुसरी एफ/१.८ पर्यंत (आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). ट्यूबलाइटखाली पहिल्या कॅमेऱ्याला आयएसओ (उजेडाला प्रतिसाद किती वाढवायचा तो आकडा) ८०० वर १/१५ सेकंद लागत असेल, तर दुसऱ्याला त्याच आयएसओवर १/५० पुरतं. माझ्या डोळ्यांना छोट्या सेन्सरवर ८०० च्या पुढे चेहरे मेणाचे वाटायला लागतात. मोठ्या सेन्सरवर मी ३२०० बिनधास्त लावतो. तेव्हा १/५० चं १/२०० होतं. १/१५ ला पोराने मान वळवली की फोटो गेलाच, १/२०० ला ती वळतानाची मान मिळते. इमेज स्टॅबिलायझेशनबद्दल बरंच ऐकाल. ते आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या मुलाची धावपळ नाही.

आता घरात फ्लॅश नाही, त्यामुळे कोणी सावधही होत नाही. मी कोपऱ्यात बसून लागोपाठ पाच-सहा फोटो काढतो. बऱ्याचदा तिसरा किंवा चौथा चांगला निघतो. त्या सुईदोऱ्याच्या वेळी हा कॅमेरा हातात असता तर, असं अजूनही मनात येतं.

याही कॅमेऱ्याचे त्रास आहेत. २४ ते ७० किंवा १०० मिमीवर मैदानाचं दुसरं टोक हाताला लागत नाही. गेल्या स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर ठिपक्याएवढी आली, नंतर कापून मोठी केली, पण ती मजा नाही. जवळून एफ/१.८ वर दोघांचा फोटो घेतला तर पुढचा चेहरा लख्ख आणि मागचा धूसर येऊ शकतो. दोन माणसं असतील तर मी एफ/२.८, जागा दाटीची असेल तर एफ/४ वर जातो. कॅमेरा हाताला जाडजूडही लागतो. पँटच्या खिशात नीट बसत नाही, जॅकेट किंवा पिशवी लागते. आणि पैसे जास्त जातात, हे तर आहेच.

घेताना एक गोष्ट जरूर पाहा. लेन्सवर अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्स किती उघडते त्याचे, दोन आकडे असतात, पहिला झूम न करता आणि दुसरा पूर्ण झूमवर, आणि जाहिरातीत पहिलाच मोठ्याने सांगतात. तुम्ही दुसरा वाचा. पहिल्या आरएक्स१०० वर १.८ ते ४.९ आहे, म्हणजे झूम केलं की उजेड आटला. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि जी७एक्समध्ये १.८ ते २.८ आहे. घरातले चेहरे आपण थोडा झूम करूनच टिपतो, त्यामुळे हा दुसरा आकडाच जास्त कामी येतो. मधला मार्ग म्हणून आरएक्स१०० च्याच २०१९ च्या सातव्या आवृत्तीचा मोहही होईल. तिचा झूम २०० मिमीपर्यंत जातो, पण सुरुवातच २.८ पासून आणि शेवट ४.५ ला. ज्याचं घर उजळ आहे आणि ज्याला शाळेचा रंगमंचही सोडवत नाही, त्याला ती कदाचित पटेल. मी स्वतः तो झूम सोडून उजेड घेतला.

तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं. मुलं मोठी होऊन मैदानावरच राहत असतील, किंवा कॅमेरा मुख्यतः प्रवासाला निघणार असेल, तर लांब झूम घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण घरात रांगतं मूल असेल, थकलेले आजी-आजोबा असतील, तर मला विचाराल तर झूमवर पाणी सोडा.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर एक तपासणी न चुकता करा. कॅमेरा आठ-दहा वेळा चालू-बंद करा आणि लेन्स आत-बाहेर होताना कान द्या. कुठे अडखळली किंवा करकरली तर परत ठेवा. मग अ‍ॅपर्चर बारीक करून पांढऱ्या भिंतीचे दोन-तीन फोटो घ्या. सगळ्या फोटोंत एकाच जागी राखी ठिपका दिसला तर आत धूळ गेली आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स काढून ती पुसता येत नाही.

नवा घेत असाल तर दुकानातल्या लखलखाटात निर्णय घेऊ नका, तिथे सगळेच कॅमेरे गुणी दिसतात. अंधारलेला कोपरा गाठा, सोबतच्या माणसाला उभं करा आणि फ्लॅश चालू ठेवून एक फोटो घ्या. लगेच पुन्हा बटण दाबा आणि चित्र परत येईपर्यंत मनात आकडे मोजा. मग फ्लॅश मिटवून तोच फोटो पुन्हा घ्या, आणि सोबतच्या माणसाला मान हलवायला सांगायला विसरू नका.