फेरफार करायचे असतील तर किंडल की कोबो?

जळगावला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा ई-पुस्तके वाचण्याच्या या दोन यंत्रांत, ॲमेझॉनचे किंडल आणि कोबो यांत, अडकला आहे; त्याला यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करायचे आहेत. कोबो संगणकाला जोडून लपलेल्या फोल्डरमध्ये ठरावीक फाइल ठेवली आणि केबल काढली, की यंत्र ती स्वतःच बसवून घेते, आणि मग केओरीडरसारखे पुस्तके वाचण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवण्याची वाट मोकळी होते. किंडलला आधी जेलब्रेक करावे लागते, म्हणजे कंपनीने घातलेले निर्बंध तोडावे लागतात; ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून असते आणि नवे अपडेट ती वाट बंद करू शकते. ही टांगती तलवार मला खटकते. त्याने आजीच्या अहिराणी ओव्यांची ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या प्रचलित स्वरूपातली, फाइल केली आहे. कोबो ती थेट उघडतो, किंडलसाठी रूपांतर करावे लागते. केवळ ॲमेझॉनची पुस्तके वाचणाऱ्याने किंडल घ्यावे. भाच्यासारख्या खटपट्याने कोबोच.