अर्जुनसाल: अख्खी घ्यावी की भरड?

काष्ठौषधींच्या दुकानात अर्जुनसाल मागितली की "अख्खी देऊ की भरड?" असं विचारतात, आणि बहुतेक जण भरड घेऊन मोकळे होतात. कुटायची कटकट नाही, पुडा फोडला की काढ्याला तयार. महिन्याला अर्धा-एक किलो साल लागणारा छोटा दवाखाना, किंवा नियमाने क्षीरपाक (दुधात उकळून केलेला काढा) होणारं घर, एवढ्यांपुरताच हा विचार आहे. वस्त्रगाळ चूर्ण तुलनेत घेतलेलं नाही, कारण त्यात डोळ्यांनी पारखण्यासारखं काही उरतच नाही.

आधी ओळख पटवण्याचं बघू. अर्जुनाची साल बाहेरून राखाडी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत असते. आतून ती गुलाबीसर असते आणि तिच्यावर उभे बारीक धागे दिसतात. तुकडा मोडला तर आतला भाग कट्कन तुटतो, बाहेरचा पापुद्र्यांनी सुटतो. तिच्यात सर्रास मिसळते ती ऐनाची साल. ऐन अर्जुनाच्याच कुळातला, पण त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवखा माणूसही वेगळ्या काढेल. बाहेरचा थर मुद्दाम खरवडलेला तुकडा दिसला, की तो तेवढा बाजूला ठेवून नीट बघावा.

भरड झाल्यावर मात्र दोन्ही तांबूस-तपकिरी आणि दोन्ही तुरट. काही जण फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून खात्री करतात, पण टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) दोन्हींत भरपूर असल्याने दोन्ही काढे काळेनिळेच होतात. त्या परीक्षेने अर्जुन सिद्ध होत नाही, फक्त तुरट काहीतरी आहे एवढं कळतं. मग सूक्ष्मदर्शक, नाहीतर खात्रीच्या अर्जुनसालीचा अर्क शेजारी लावून केलेली थिन लेयर क्रोमॅटोग्राफी (अर्कातले घटक पातळ थरावर वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी), एवढेच मार्ग उरतात. अर्ध्या किलोसाठी ते कोण करणार?

(सीता अशोकाच्या बाबतीत हाच मुद्दा आणखी टोकदार होतो. अख्ख्या सालीवर उंचवट्यांसारखे गोल ठिपके आणि बुचाच्या थराखालची पांढरट रेघ दिसते, त्यामुळे आसुपालवाची (शोभेच्या खोट्या अशोकाची) साल खपवणं अवघड जातं. भरडीत ही खूणच राहत नाही.)

अख्ख्या मालात वजनाची लबाडीही उघडी पडते. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधी द्रव्यांची अधिकृत मानकं देणाऱ्या ग्रंथात) बाहेरच्या कचऱ्याची मर्यादा २ टक्के आहे. अर्धा किलो साल वर्तमानपत्रावर पसरून शेवाळ, दगडफूल, माती आणि आतल्या बाजूला चिकटून आलेलं पांढरट लाकूड वेगळं काढायचं. ते १० ग्रॅमच्या वर गेलं तर माल परत. ओलावाही असाच कळतो: वाळलेला तुकडा मोडतो, ओला वाकतो.

राखेचा आकडा मात्र भल्याभल्यांना फसवतो. प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण राख (साल जाळल्यावर उरणारा भाग) २० टक्के दिसली की लोक घाबरतात. अर्जुनसालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक इतके असतात, की फार्माकोपियाच तिला २५ टक्क्यांपर्यंत सूट देतो. बघायची ती आम्लात न विरघळणारी राख. ती १ टक्क्याच्या वर असेल तर माती-वाळू आहे.

आता भरडीची ती एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्या मते निकाल लागतो: बुडाला बसणारा बुरा. सालीचा आतला भाग ठिसूळ आणि बाहेरचा पापुद्र्यांचा असल्याने ती एकसारखी कुटलीच जात नाही. पुडा हाताळला जातो तसे धागे-पापुद्रे वर येतात आणि पीठ खाली जातं. पहिल्या आठवड्यात चमचाभर म्हणून जे घेतलं जातं ते हलकं, भुसभुशीत. शेवटच्या आठवड्यातला तोच चमचा वजनाने कितीतरी जड. काढा आधी फिका, मग एकदम दाट आणि घशाला ओढणारा. रुग्ण म्हणतो औषध बदललं, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

क्षीरपाकात हा बुरा जास्तच छळतो. शार्ङ्गधराच्या (शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथाच्या कर्त्याच्या) मापाने द्रव्याच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी, म्हणजे ५ ग्रॅम सालीला ४० मिलिलीटर दूध आणि १६० मिलिलीटर पाणी. दूध उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. जाड तुकडे असले तर हे निवांत होतं. पीठ असलं तर ते तळाला बसून करपतं, टॅनिन दुधातल्या प्रथिनांना धरून गुठळ्या करतं आणि फडकं दोन मिनिटांत बुजतं. मग पिळावं लागतं, आणि पिळलं की गाळ कपात. चाळून बुरा फेकून द्यावा म्हटलं, तर विकत घेतलेल्या औषधाचाच एक भाग गेला.

हे सगळं खरं असलं तरी अख्खी साल कुटणं हे काम आहेच. वाळली नसेल तर मिक्सरमध्ये ती चिवट होऊन पात्याभोवती गुंडाळते. दोन दिवस ऊन द्यावं, हाताने २-३ सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि लोखंडी खलात जवाएवढे होईपर्यंत ठेचावेत. यवकूट म्हणतात ते हेच. मिक्सर वापरायचाच तर भांडं अर्ध्याहून कमी भरून दहा-दहा सेकंदांचे झटके द्यावेत. सलग फिरवला की भांडं तापतं आणि पीठ होतं, म्हणजे पुन्हा तोच बुरा. एका वेळी आठवड्यापुरतंच कुटावं. टिकण्याच्या बाबतीत शार्ङ्गधर अख्ख्या द्रव्याला एक वर्ष देतो, चूर्णाला दोन महिने. हल्लीचे हवाबंद डबे धरून ही मुदत थोडी ताणता येत असेल, पण दोहोंतलं अंतर तसंच राहतं.

मनगटं दुखणारी वयस्क मंडळी, किंवा एका वेळी दहा-वीस किलोचा घाणा टाकणारे, यांनी भरडच घ्यावी. त्यांना दुसरं काही सुचवणं व्यवहाराला धरून होणार नाही. फक्त दोन गोष्टी कराव्यात. १०० ग्रॅम भरड मैद्याच्या चाळणीने चाळावी. खाली १५ ग्रॅमच्या वर पीठ पडलं तर दुसरा माल मागावा. आणि एकदा उकळून सत्त्व काढलेली साल वाळवून मिसळलेली नाही ना, हे बघावं, कारण रंगावरून ते भरडीत कळत नाही. ५ ग्रॅम भरड १०० मिलिलीटर पाण्यात झाकून ठेवायची, पहिले सहा तास अधूनमधून हलवायची, पुढचे अठरा तास हात लावायचा नाही. गाळलेल्यातलं २५ मिलिलीटर पाणी वजन केलेल्या वाटीत आटवून कोरडं करायचं. पाण्यात उतरणारा अंश किमान २० टक्के हवा, म्हणजे वाटीत पाव ग्रॅम तरी उरायला हवं. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा त्याला पुरतो, स्वयंपाकघरातला नाही.