‘कटिंग पॅकेज’च्या नावाखाली विकल्या लघवीच्या गोळ्या

डोंबिवलीत माझं मेडिकल स्टोअर आहे. माझ्या मावसभावाला जिममधल्या एका पर्सनल ट्रेनरने ‘कटिंग पॅकेज’ (चरबी उतरवून स्नायू उठून दिसावेत यासाठीचं पॅकेज) म्हणून काय विकलं, ते सविस्तर लिहितेय. त्याच जिममधल्या आणखी मुलांनीही हे घेतल्याचं आता कळतंय.

भाऊ 23 वर्षांचा, वजन 74 किलो. त्याला एका स्थानिक ‘श्री’ म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरायचं होतं. ट्रेनरने 32,000 रुपये स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले, पावती दिली नाही. त्यात डाएट चार्ट, प्रोटीनचा डबा आणि ‘फॅट कटर’ गोळ्या. पहिल्याच आठवड्यात वजन 3 किलोंनी उतरलं, पोटावर कट्स म्हणजे स्नायूंच्या रेषा दिसू लागल्या, दंडावरच्या शिरा वर आल्या. ट्रेनरने लगेच फोटो काढले आणि ते दाखवून आणखी गिऱ्हाइकं मिळवली.

आता हिशेब बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठवड्यात 3 किलो चरबी घालवायची तर रोज 3,300 कॅलरींची तूट हवी. त्याने अन्नाचा कण न खाता व्यायाम केला असता, तरी एवढी तूट पडणं कठीण होतं. मग गेलं काय? पाणी.

मावशीकडे जेवायला जमलो होतो. पानावरून उठताना त्याच्या पोटरीत असा गोळा आला, की तो कळवळून खालीच बसला. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. खोदून विचारल्यावर म्हणाला, “ताई, सरांनी कुणाला दाखवू नको सांगितलंय. डॉक्टरांना बॉडीबिल्डिंगमधलं कळत नाही म्हणाले.” मग बॅगेतून गोळ्या काढल्या. कात्रीने एकेक सुटी कापलेली, नाव, बॅच, एक्स्पायरी सगळं बरोबर कडेला उडवलेलं. एका तुकड्यावर मात्र नावाची शेवटची अक्षरं आणि ‘40’ राहून गेलं होतं. ही फ्युरोसेमाइड. हार्ट फेल्युअरमध्ये अंगावर सूज आलेल्या पेशंटना डॉक्टर देतात, ती लघवी करवणारी गोळी. माझ्याकडे ती चिठ्ठीशिवाय कुणाला मिळत नाही. खेळाडूंना तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार तिच्यावर बंदीच आहे.

चार्टमध्ये मीठ बंद, पाणीही मोजून. वर ही लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियम काढणारी गोळी! दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.9, जे किमान 3.5 हवं. पोटॅशियम असं घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. हे त्या ट्रेनरला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माहीत नसतं तर नाव कापलं असतं कशाला?

डब्याचंही तेच. झाकणाखालचं सील पुन्हा चिकटवलेलं, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाकला तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. घटकांमध्ये ग्लायसिन आणि टॉरिन, म्हणजे नायट्रोजन असलेली सुटी अमिनो आम्लं. प्रोटीन मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. त्यामुळे स्वस्त ग्लायसिन मिसळलं की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

खरे कट्स चरबी हळूहळू उतरली की दिसतात. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे याच्या बाबतीत फार तर 700 ग्रॅम. सोबत वजनं उचलणं चालू ठेवायचं आणि वजनाच्या किलोमागे रोज 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रोटीन. अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये 50 च्या आसपास. शिवाय चिकन, पनीर, डाळी, दही आहेतच. नुसत्या क्रंचेस मारून पोटावरची चरबी जात नाही. स्पर्धेपर्यंत वेळ कमी असेल तर पुढच्या स्पर्धेत उतरा, हे सांगणारा ट्रेनर शोधा.

जिमच्या मालकाने ‘तो आमच्या पगारावर नव्हता’ म्हणून हात वर केले. पैसे परत मिळालेले नाहीत. भावाचं पोटॅशियम डॉक्टरांच्या उपचाराने पूर्ववत झालं. डबा, गोळ्यांचे तुकडे आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. कुणाकडे अशा कापलेल्या गोळ्या असतील तर रागाच्या भरात फेकू नका. लगेच घेणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा आणि तक्रारीसाठी जपून ठेवा. तो ट्रेनर आता कल्याणच्या बाजूला दुसऱ्या जिममध्ये शिकवतोय असं ऐकलंय.