धरमपेठेतील ताण-व्यवस्थापन वर्ग : सहा शनिवार आणि एक वही

आर्थिक वर्ष संपताना लेखा विभागात काम करणाऱ्यांची जी अवस्था होते, ती यंदा माझीही झाली. दिवसाचे दोन खर्रे (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली पुडी) सहावर गेले आणि रात्री साडेबाराला सावजीचा झणझणीत रस्सा खाऊन अंथरुणावर तळमळत पडणे हा नित्यक्रम झाला. अखेर पत्नीने नागपूरच्या धरमपेठेतील एका समुपदेशन केंद्राच्या वर्गात परस्पर माझे नाव घातले. एप्रिल-मे महिन्यांतील सहा शनिवार, दर वेळी दोन तास, शुल्क २४०० रुपये. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

पहिल्याच दिवशी ‘सकारात्मक विचार करा’ असे ऐकावे लागेल, अशी माझी धास्ती होती. तसे घडले नाही. समुपदेशक बाईंनी प्रत्येकाला एक वही देऊन तीन रकाने आखायला लावले : ताण कशामुळे आला, त्या वेळी आपण काय केले आणि दोन तासांनंतर कसे वाटत होते. या वर्गाची खरी किंमत त्या तिसऱ्या रकान्यात आहे.

माझ्या वहीत ‘दोन तासांनंतर’ या मथळ्याखाली आठवडाभर जवळपास एकच शब्द होता, तो म्हणजे ‘तगमग’. बाईंनी त्याचे कारण समजावले. खर्ऱ्यातल्या चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन तोंडातून लवकर शोषले जाते, म्हणून घोटलेली पुडी तोंडात टाकताच हायसे वाटते. पण साधारण दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते आणि शरीर पुन्हा ते मागू लागते. म्हणजे साहेबांच्या बोलण्याने आलेला ताण होता तिथेच राहत होता, आणि दुपारी चारला जी तगमग मी कामाच्या खात्यावर टाकत होतो, ती बरीचशी दोनच्या खर्ऱ्याची देणगी होती. सुपारीने तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगही होतो, हे नागपुरात कोणाला ठाऊक नसते? पण त्या माहितीने माझी सवय कधी हलली नव्हती, या हिशेबाने हलली.

त्यापुढचा सल्ला मला अधिक शहाणपणाचा वाटला. खर्ऱ्यासाठी पानठेल्यावर जाण्यात खुर्चीवरून उठणे, चार पावले चालणे आणि सहकाऱ्यांशी मन मोकळे करणे याही गोष्टी असतात. त्या सोडू नका, फक्त पुडी सोडा, असे त्यांनी सांगितले. मी अजूनही तीन वाजता ठेल्यावर जातो आणि नुसताच उभा राहतो, हे ठेलेवाल्याला अद्याप पचलेले नाही. जेवणानंतरचा एक खर्रा मात्र सुटलेला नाही.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला भेदही येथे नीट शिकवला गेला : काही उपाय अडचणीवर चालतात, तर काही अडचणीने उठलेल्या भावनेवर. टेबलावरचा व्हाउचरांचा ढीग दीर्घ श्वसनाने कमी होत नाही, त्यासाठी काम वाटून मागावेच लागते. घरातील असाध्य आजारपणात मात्र आधी स्वतःलाच सावरावे लागते. आमच्यातील एक गृहस्थ रोज पहाटे अंबाझरीला दोन तास फिरत आणि त्याचे कौतुकही होत असे. घरातील वाटणीचा विषय टाळण्यासाठी आपण बाहेर पडतो, हे त्यांच्या वहीनेच त्यांना दाखवले.

आता तक्रारी. मिनिटाला सहा या संथ गतीने श्वास घेण्याचा सराव आम्ही भल्यामोठ्या कूलरच्या घरघराटात केला, त्यामुळे सूचना पुढच्या दोन ओळींनाच ऐकू येत. कूलर बंद करा म्हणावे, तर बाहेर मे महिना. वर्गाचा आराखडा जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या, सजगतेच्या सरावातून ताण कमी करण्याच्या अभ्यासक्रमावर बेतल्याचे सांगतात. पण मूळ अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा, रोजच्या भरपूर सरावाचा, आणि येथे मात्र सहा शनिवार व घरी दहा मिनिटे. त्यातही पाचवा शनिवार सुगंधी तेलांच्या विक्रीत गेला, हे अक्षम्य आहे. दारूने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते, हा मुद्दा मात्र पंधरा मिनिटांत गुंडाळला, जेव्हा त्यावर एक पूर्ण सत्र हवे होते.

शेवटी दिलेल्या कागदावर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हे दोन्ही निःशुल्क सरकारी क्रमांक होते. ज्यांची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरपली आहे, त्यांनी अशा वर्गाची वाट न पाहता थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, असे केंद्रानेच स्पष्ट सांगितले, याचे श्रेय द्यायला हवे. इतरांना २४०० रुपये जड नाहीत. मात्र जायचेच तर पावसाळ्यानंतरच्या तुकडीत जावे, कूलर बंद असतो.